वाचकांचे प्रश्न, खोकेवाल्याची उत्तरं: मे महिन्यात वायनरी बघायला निघालात होय?

मागच्या अंकात सहज जाता जाता लिहून गेलो की राजापूरला परत यायच्या आधी बारा वर्षं मी नाशकात वायनऱ्यांना पुठ्ठ्याचे खोके पुरवायचो, तर संपादकांकडे प्रश्नांचा ढीगच आला. आंब्याच्या करप्याबद्दल लिहिलं तेव्हा दोन पत्रं आली होती, आणि वाईनचं नाव काढलं तर एकवीस! असो. आधीच सांगतो, मी वाईनतज्ज्ञ वगैरे नाही हो. पुढच्या गेटनं पाहुणे जातात तिथं माझं काही काम नसायचं, माझा टेम्पो कायम मागच्या गेटला. पण मागच्या गेटला उभं राहून जे दिसतं ना ते पुढं टेस्टिंगच्या टेबलावर बसून दिसत नाही, त्यामुळे उत्तरं त्याच बाजूनं येतील. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं कुणाचीच दिलेली नाहीत, कारण तिघांनी "आमच्या घरी कळता कामा नये" असं खाली लिहिलंय.

प्रश्न: आम्ही चार कुटुंबं मे महिन्याच्या सुट्टीत नाशिकला वायनरी बघायला जातोय. द्राक्षांचे घड लगडलेले असतात ना तेव्हा? मुलांना दाखवायचेत. (गुहागर)

नाही हो ताई. मे महिन्यात गेलात तर घड सोडा, मुलांना दाखवायला मांडवावर कोवळी पानं आणि काड्या एवढंच मिळेल. उद्या कुणी पुण्याहून ऑक्टोबरात तुमच्याकडं येऊन हापूस कुठाय विचारलं तर तुम्ही काय म्हणाल, तसंच आहे हे.

आपल्याकडच्या द्राक्षाच्या वेलीला वर्षात दोनदा छाटतात. एप्रिलात खरड छाटणी, त्यात वेल पार बोडकी करतात, मग उन्हाळ्यात नवीन काड्या फुटतात आणि त्या काडीच्या डोळ्यात पुढच्या पिकाचा घड आतल्या आत तयार होत असतो. पाऊस सरत आला की सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसरी छाटणी, तिला गोडी छाटणी म्हणतात, ती फळासाठी. तिथनं पुढं साडेचार-पाच महिने धरा. म्हणजे वाईनच्या द्राक्षाची तोडणी साधारण जानेवारीपासून मार्चपर्यंत चालते. युरोपात हीच वेल हिवाळ्यात बर्फात झोपते आणि द्राक्षं उन्हाळ्याच्या शेवटी निघतात, आपल्याकडं ती झोपतच नाही, म्हणून माणसानं कात्री घेऊन तिला वेळापत्रक लावून दिलंय.

तर जानेवारीचा शेवट ते मार्चचा पहिला पंधरवडा, एवढाच काळ लक्षात ठेवा. त्यातही सकाळी जा. सगळे दुपारी चारला जातात, सूर्यास्त बघायला आणि फोटो काढायला, गंगापूर धरणाच्या बाजूला तो दिसतोही झकास, पण तोवर खरं काम उरकलेलं असतं. तोडणी पहाटेच सुरू होते कारण फळ थंड असतानाच आत यायला हवं, ऊन चढलं की क्रेटमध्येच रस सुटायला लागतो आणि तो भलतीकडंच आंबायला लागतो. मी एकदा पहाटे साडेपाचला खोके घेऊन पोचलो होतो, थंडी अशी की हात खिशातनं निघेना, आणि बायका डोक्याला टॉर्च लावून घड कापत होत्या. सुपरवायझरनं एक मणी माझ्यासमोर चिरडला, थेंब त्या छोट्या दुर्बिणीसारख्या यंत्रावर टाकला, रिफ्रॅक्टोमीटर म्हणतात त्याला, आणि उजेडाकडं धरून मला म्हणाला बघा. आत निळी-पांढरी रेघ, तेवीसवर. तेवीस ब्रिक्स म्हणजे रसात ढोबळमानानं तेवीस टक्के साखर. आपण खातो ते द्राक्ष सोळा-अठराला तोडतात. मग तो मणी तोंडात टाकला तर गोड म्हणजे किती, पण साल जाड, आत बिया आणि आकार करवंदाएवढा. थॉमसनसारख्या खायच्या द्राक्षाला फुगवायला संजीवकात, म्हणजे वाढीच्या औषधात बुडवतात, याला फुगवायचं नसतंच, कारण रंग आणि चव सालीत असते आणि मणी बारका असला की रसाच्या मानानं साल जास्त मिळते. मुलांना दाखवायचं तर हे दाखवा. एका बाटलीला साधारण सव्वा किलो द्राक्ष लागतं हे सांगा आणि टेम्पोत किती क्रेट चढले ते मोजायला लावा, तास-दीड तास गप्प बसतील.

द्राक्षं पायानं तुडवायचा कार्यक्रमही याच दिवसांत असतो. मजा येते, कपडे जुने घाला, तो डाग निघत नाही. (आणि तुम्ही तुडवलेल्याची वाईन कुणी करत नाही, काळजी नसावी.)

आणि हो, २६ जानेवारीची सुट्टी जोडून बरेच जण बेत आखतात. त्या दिवशी ड्राय डे असतो. बाग बघायला मिळेल पण चाखायला नाही, मग तोंडं पाडून परत येऊ नका.

प्रश्न: रत्नागिरीहून जायचं कसं? गाडीनं गेलेलं बरं की ट्रेननं? आणि एकाच दिवसात किती वायनऱ्या होतील? (रत्नागिरी, असाच प्रश्न कणकवली आणि लांज्याहूनही)

मंगला एक्स्प्रेस. कोकण रेल्वेच्या बऱ्याच गाड्या मुंबईच्या दिशेनं जाऊन संपतात, ही मात्र पनवेल-कल्याण करून कसारा घाट चढते आणि थेट नाशिकरोडला सोडते, तिथनं पुढं दिल्लीला. लोकांना हे माहीतच नसतं, ठाण्याला उतरून बॅगा घेऊन पुलावरनं पळत बसतात. फक्त रिझर्व्हेशन आधी करा, ती केरळपासनं भरून येते. आणि नाशिकरोड म्हणजे नाशिक नव्हे, गाव तिथनं दहाएक किलोमीटर, गंगापूर धरणाकडच्या वायनऱ्या आणखी पुढं.

स्वतःच्या गाडीनं जाणार असाल तर साडेचारशे किलोमीटरच्या आसपास धरा, पनवेलपर्यंत आपला लाडका मुंबई-गोवा महामार्ग, त्याबद्दल मी काही बोलत नाही, संपादक कापतात. पण गाडीनं गेलात तर न पिणारा एक माणूस घरूनच ठरवून न्या. तिथं गेल्यावर चिठ्ठ्या टाकू नका. टेस्टिंगमध्ये चार-सहा प्रकार थोडे थोडे देतात, वाटतं एवढ्यानं काय होतंय, पण शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम अल्कोहोलच्या वर गेलं की कायद्यानं गुन्हा, आणि ती मर्यादा फार लवकर येते. त्यापेक्षा नाशकात उतरून दिवसभराची टॅक्सी करा, चौघांत वाटून परवडते.

किती होतील, तर दोन. तीन केल्या तर तिसरीत काय बघितलं ते आठवत नाही. गंगापूर धरणाच्या अंगाला सुला आणि यॉर्क शेजारी शेजारीच आहेत, यॉर्कही आता २०२१ पासनं सुलाचीच झालीय. सुलाची पहिली बाटली २००० साली बाजारात आली आणि वायनरी बघायला लोकांनी यावं ही टूम नाशकात रुजली ती मुख्यतः त्यांच्यामुळं, म्हणून गर्दी सगळी तिकडं. शनिवार-रविवारी तर एकविरेच्या जत्रेसारखं असतं. मला विचाराल तर एक तिथली बघा, कारण मोठा कारखाना कसा चालतो ते कळतं, आणि दुसरी इगतपुरीच्या बाजूची लहान बघा. मुकणे धरणाच्या पाण्यालगत व्हॅलोने आहे, तिथं डोंगर, पाणी आणि मध्ये वेली, शांतता. सांजेगावला ग्रोव्हर झाम्पा. दिंडोरीकडं शांदों आहे, तिथं फेसाळणारी वाईन बनते, म्हणजे बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवतात, मग बाटल्या रोज थोड्या थोड्या फिरवत उलट्या करत गाळ बुचाशी आणतात आणि बुचाशी तो गाळ गोठवून उडवून टाकतात. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं हा माणूस मला बनवतोय! कुठंही जा, आधी फोन करून जा. लहान ठिकाणी टूर दाखवणारा माणूस एकच असतो आणि तो त्या दिवशी ट्रॅक्टरवर पण असू शकतो.

कणकवलीकरांना आणि लांजेकरांना मात्र वेगळं सांगतो. तुम्हाला नाशिक लांब पडतं, घाट चढून कोल्हापूरमार्गे अकलूजला जा की. फ्रातेल्लीची बाग तिकडं आहे, इटलीतले भाऊ, अकलूजचे मोहिते-पाटील आणि दिल्लीचं एक कुटुंब यांनी मिळून काढलेली, आणि फ्रातेल्ली म्हणजे इटालियन भाषेत भाऊच. पंढरपूर जवळ आहे. घरी काय सांगायचं याचा प्रश्नही त्यातच सुटतो.

प्रश्न: माझे घोव आणि त्येंचे मित्र जातहत, माका पण चल म्हणतत. मी काय पिणंय नाय. मग मी थंय जावन काय करू? (मालवण)

जावा वैनी, बिनधास्त जावा. न पिणाऱ्याला खरं तर जास्त दिसतं. मागच्या बाजूला टाक्या असतात, दोन-दोन मजली स्टीलच्या, भर दुपारीसुद्धा हात लावलात तर बर्फासारख्या गार, कारण पांढरी वाईन बारा-पंधरा डिग्रीला हळूहळू आंबवतात, आणि बाहेरून टाकीला घाम फुटलेला असतो, आपल्या माठासारखा. लाल वाईनच्या टाकीत साली वर तरंगून जाड थर होतो, तो दिवसातनं दोन-तीनदा खाली दाबायचा किंवा खालचा रस पंपानं वर सोडायचा, नाहीतर रंग उतरत नाही. तिथला वास घ्या. फणस कापून दोन दिवस झाल्यावर घरात जो वास असतो ना, त्याच्या जवळपास. बाकी खायला मिळतं, द्राक्षाचा साधा रस बऱ्याच ठिकाणी मिळतो, आणि वाटेत नाशकातली चुलीवरची मिसळ. घोवाला सांगा मिसळ आधी, वाईन नंतर. रिकाम्या पोटी चाखत बसलो तर काय होतं ते मी एकदा स्वतःवर करून बघितलंय, त्या दिवशी दीडशे खोक्यांची पावती मी दोनदा फाडली आणि माझंच नुकसान झालं.

प्रश्न: सासऱ्यांना सांगितलंय की वाईन म्हणजे दारू नव्हे, द्राक्षाचा रसच. बरोबर ना? (चिपळूण)

नाही. २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटात वाईन ठेवायला परवानगी द्यायचं सरकारनं ठरवलं तेव्हा हाच वाद महिनाभर टीव्हीवर चालला होता आणि शेवटी ते बारगळलं. वाईनमध्ये बारा ते चौदा टक्के अल्कोहोल असतं, आपल्याकडच्या व्हिस्कीत ४२.८, बियरमध्ये पाच ते आठ. हलकी म्हणा, रस म्हणू नका. सासऱ्यांना खरं सांगा, ते बहुतेक तुमच्याबरोबर येतील. फक्त राज्यात वाईनला वय २१ लागतं, सासऱ्यांना अडचण नाही, तुमच्या धाकट्या दिराचं बघा.

प्रश्न: टेस्टिंगला गेल्यावर ग्लास फिरवतात, वास घेतात, काहीतरी बोलतात. आम्हाला यातलं काही येत नाही, हसं होईल का? आणि माशांबरोबर कुठली वाईन? (सावंतवाडी)

हसं कुणाचं होत नाही, तिथला पोरगा दिवसाला दोनशे लोकांना हेच सांगतो. ग्लास खालच्या दांडीला धरायचा म्हणजे हाताच्या उबेनं वाईन गरम होत नाही. फिरवायचा म्हणजे वास वर येतो. एवढंच गुपित. तो म्हणेल यात पॅशनफ्रूट लागतंय, ग्रीन ॲपल लागतंय, आणि तुम्ही आयुष्यात पॅशनफ्रूट खाल्लेलं नसतं. मग आपली फळं शोधा. सोव्हिन्यों ब्लां या पांढऱ्या वाईनमध्ये मला कापलेली कैरी आणि हिरव्या मिरचीचा देठ लागतो. शेनिन ब्लां, तीही पांढरीच, म्हणजे जरा पिकलेला पेरू, आणि ती थोडी गोडसरही मिळते. लाल वाईनमधल्या शिराझमध्ये जांभूळ, नंतर मिरी. आणि कॅबरनेमध्ये जो तुरटपणा असतो, हिरड्या आवळल्यासारख्या होतात, त्याला ते टॅनिन म्हणतील, तुम्ही मनात म्हणा कच्चं बोंडू. काजूचं बोंडू चावून रस गिळल्यावर घसा जसा धरतो तसाच. एका टेस्टिंगवाल्याला मी हे सांगितलं, त्यानं बोंडू बघितलंच नव्हतं! पुढच्या खेपेला नेऊन दिलं, एक घास खाल्ला आणि पाणी मागितलं.

आवडली नाही तर तिथं ओतून टाकायला भांडं ठेवलेलं असतं, त्यात ओता. चूळ भरल्यासारखं तोंडात फिरवून थुंकलं तरी चालतं, पारखणारे लोक तसंच करतात, नाहीतर दिवसाला पन्नास नमुने चाखून ते घरी कसे जाणार.

माशांचं म्हणाल तर तुरट लाल वाईन बांगड्याबरोबर घेऊ नका. माशाचं तेल आणि त्या वाईनमधलं लोह यांचं जमत नाही, तोंडात गंजकं खिळं चोखल्यासारखी चव राहते. तळलेल्या सुरमईला सोव्हिन्यों ब्लां, लिंबू पिळल्यासारखी लागते. कोळंबीच्या आमटीला किंवा तिखल्याला ती गोडसर शेनिन, कारण तिखटावर गोडवाच उतारा, आणि ती गार हवी. कोंबडी-वड्यांना शिराझ चालते. आणि सोलकढीबरोबर कुठलीच नाही. सोलकढी प्या ना मग.

प्रश्न: माझी दोन एकर वरकस जमीन आहे, रस्त्याला लागून, समुद्र दिसतो. नाशिकसारखी द्राक्षबाग आणि वायनरी इथंच केली तर पर्यटक येतील की. यावर स्पष्ट मत द्या. (दापोली)

स्पष्ट मत म्हणजे द्राक्ष लावू नका, दादा.

आपल्याकडं पाऊस तीन-साडेतीन हजार मिलिमीटर, आणि पाऊस नसतो तेव्हा हवेत दमटपणा. द्राक्षाच्या पानावर पाणी बसलं की केवडा रोग आलाच, डाऊनी म्हणतात तो. नाशिकवाले तिकडच्या कोरड्या हवेतही अवकाळी पावसानं रडकुंडीला येतात, फवारणीवर किती पैसा ओततात ते बघितलंय मी. दुसरं म्हणजे नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास, फळ पिकायच्या दिवसांत दुपार तापते आणि रात्र गारठते, त्यानं साखर भरते पण आंबटपणाही टिकतो. दापोलीत थंडी पडते म्हणून आपण कौतुक करतो, पण ती थंडी आंब्याच्या मोहराला पुरते, द्राक्षाला नाही.

पण तुमच्या प्रश्नातला दुसरा अर्धा भाग मला सोडवत नाही. पर्यटक येतील का, तर येतील, त्यांना बोंडू दाखवा! आपल्याकडं काजूबी काढून घेतात आणि बोंडू झाडाखाली कुजतं. बीच्या वजनाच्या सहा-सात पट तरी बोंडू असतं आणि ते एका दिवसात खराब होतं, म्हणून त्याचं कुणी काही करत नाही. पलीकडं गोव्यात त्याच बोंडवाचा रस मळून काढतात, भट्टीवर पहिल्या धारेला हुर्राक आणि पुन्हा ऊर्ध्वपातन केलं की फेणी, आणि त्या फेणीला २००९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. मार्च-एप्रिलात लोक खास भट्टी बघायला जातात. आपल्याकडं बोंडापासून सरबत, सिरप, वाईन यावर तुमच्याच गावातल्या कोकण कृषी विद्यापीठात आणि वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात काम झालेलं आहे, दापोलीकर असून तुम्ही तिथं गेलात का? २०२२ मध्ये काजूबोंड आणि मोहाच्या फुलांच्या मद्याला देशीऐवजी विदेशी मद्याचा दर्जा द्यायचं राज्य मंत्रिमंडळानं ठरवलं, म्हणजे दार थोडं तरी किलकिलं झालंय. तरी मद्य म्हटलं की उत्पादन शुल्क खात्याचा परवाना, आणि तो मिळवणं म्हणजे काय हे मी माझ्या शत्रूलाही सांगणार नाही. म्हणून सुरुवात बिनमद्यानं करा. मे महिन्यात लोक तुमच्याकडं येतातच, त्यांना झाडाखाली न्या, बोंडू पिळून मीठ-साखर घालून रस द्या, कोकम फोडून दाखवा, आगळ कसं करतात ते दाखवा. नाशिकवाल्यांनी तरी वेगळं काय केलं, शेतातलं काम चाललेलं दाखवलं आणि खुर्ची टाकली. दोन एकराला एवढं पुष्कळ झालं. समुद्र फुकट आहे.

प्रश्न: गोव्यातून वाईन स्वस्त मिळते, मग नाशिकहून कशाला आणायची? (बांदा)

तुमच्या दारात इन्सुलीचा चेकपोस्ट आहे आणि प्रश्न मला विचारताय! परवान्याशिवाय गोव्याची बाटली इकडं आणणं गुन्हा आहे, एक असो की दहा. नाशिकची राज्यातलीच, सीलबंद आणा आणि बिल जपून ठेवा.

प्रश्न: मुलानं तीन वर्षांपूर्वी नाशिकहून पांढऱ्या वाईनची बाटली आणली होती. वाईन जितकी जुनी तितकी चांगली म्हणून कपाटावर उभी ठेवलीय. गणपतीनंतर उघडायचा विचार आहे. (देवगड)

काका, जितकी जुनी तितकी चांगली हे थोड्याच वाईनचं खरं असतं, आणि त्यासुद्धा गार अंधाऱ्या तळघरात आडव्या ठेवलेल्या. आपल्याकडची साधी पांढरी वर्ष-दोन वर्षांत प्यायचीच असते. वर देवगडचा उन्हाळा, कपाटाचा माथा, वरनं पत्रा तापत असणार. पिळायचं झाकण असेल तर उभी ठेवली तरी बिघडत नाही, बूच असेल तर ते सुकून हवा आत गेली असणार. गणपतीपर्यंत थांबू नका, आजच फ्रिजमध्ये टाका आणि संध्याकाळी उघडा. रंग पिवळाधमक किंवा चहासारखा झाला असेल आणि वास व्हिनेगरचा आला तर प्यायची नाही, मटण मुरवायला चमचा-दोन चमचे वापरा, कामी येईल. वास बरा आला तर घोटभर घेऊन बघा. काय निघालं ते मात्र कळवा, माझी आणि संपादकांची पैज लागलीय.